सरांच्या बारा रिकाम्या जागा

जुन्या जालन्यात मी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला नोकरी कुठं, गाव कोणतं, लग्न झालंय का, यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला 'सा' लावायला सांगितला. मी विम्याच्या कचेरीत नव्यानं लागलेला कारकून, खोल्या बघून बघून टेकीला आलेलो. म्हटलं, लावू. लावला. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "वाईट आहे, पण रुंद आहे. कधी येता राहायला?" रुंद आवाज म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढं आठ वर्षं त्या घरात काढूनही कळलं नाही. पण खोली हवेशीर होती आणि खाली पाण्याचा हौद मोठा होता. जालन्यात एवढं जमलं की माणूस बाकीचं चालवून घेतो.

त्यांना सगळी गल्ली सर म्हणायची. सर भूमितीचे. अख्खी नोकरी त्यांनी पोरांना त्रिकोण शिकवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी काढून बसले. गाणं ते कुणाकडं शिकले नव्हते. शिकले असते तर कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं.

सरांची पहिली विचित्र सवय मला सामान आणताना कळली. माझी लोखंडी कॉट ऑटोतून उतरवायची होती. ऑटोवाल्यानं एक बाजू धरली, तर सर धावत आले आणि त्याच्या हातातून ती काढून घेतली. म्हणाले, "तुम्ही बसा. तुमचं काम चालवायचं." मग सत्तरीतले सर आणि मी अशी कॉट वर नेली आणि ऑटोवाला सावलीत बसून आम्हाला "थोडं डावीकडं घ्या" असं सांगत राहिला. स्वतःचं ओझं सर दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचे नाहीत. गॅसची टाकी स्वतः आणायचे. हॉटेलात चहा पिऊन झाला की कप उचलून मोरीवर न्यायचे आणि विसळायचे. हॉटेलवाला बिचारा हात जोडायचा, "सर, गिऱ्हाईक बघून राह्यलं, मला शरम वाटती." न्हाव्याकडं गेले की अर्धी दाढी स्वतः करायचे आणि मग म्हणायचे, आता उरलेली तुमची. ऑटोत बसले आणि पुढं चढ आला की उतरून चालायचे. चढावर ऑटो पुढं निघून जायचा आणि वर जाऊन थांबायचा. सर धापा टाकत पोचायचे आणि पुन्हा बसायचे. एकदा मी म्हटलं, सर, त्याला इंजिन आहे. ते म्हणाले, "माझ्या घराण्याला सवय नको लागायला."

घराण्याचं प्रकरण असं होतं. सर मूळचे तीर्थपुरीच्या अलीकडच्या एका खेड्यातले. तिथं त्यांच्या आजोबांची मोठी शेती होती आणि त्या शेतात सात पुरुष, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल, दगडानं बांधलेली विहीर होती. आजूबाजूच्या पाच गावांत तशी विहीर नाही. तिच्या काठावर एक शिळा, शिळेवर आजोबांचं नाव आणि खाली लिहिलेलं, 'यांनी ही विहीर खोदली'. सर लहानपणी त्या शिळेला नमस्कार करायचे. पुढं भूमिती शिकल्यावर त्यांनी हिशेब मांडला, की आजोबांचं पोट आणि विहिरीतल्या पायऱ्यांची रुंदी लक्षात घेता आजोबा खाली उतरणंच शक्य नव्हतं. मग खोदली कोणी? घरात विचारलं तर थोरल्यांनी सांगितलं, "बारा माणसं लावली होती. वेठीची."

वेठ म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. निजामाच्या राज्यात, आणि ते राज्य गेल्यावरही बरीच वर्षं, मालकाचा सांगावा आला की गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसानं हातातलं काम टाकून जायचं आणि फुकट राबायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. गुलामीच ती, फक्त आपल्याकडं तिला घरगुती नाव होतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी त्याचा त्रास करून घेत नाही. सरांनी करून घेतला. आजोबांनी बारा माणसांना दोन उन्हाळे राबवून घेतलं आणि नाव स्वतःचं कोरलं, हे त्यांच्या भूमितीत बसेना.

तेव्हापासून त्यांची जीभ वाकडी झाली. कुणी म्हणालं, अमक्या राजानं हे देऊळ बांधलं, की सर लगेच विचारायचे, "राजा गवंडीकाम कुठं शिकला?" आमच्या गल्लीतल्या एका लग्नात वधूपित्यानं कौतुकानं सांगितलं, की बंगला मी बांधला. सरांनी जेवता जेवता त्याला विचारलं, की सिमेंटात वाळू किती घातली. तो गृहस्थ कापडाचा ठोक व्यापारी. त्याला वाटलं, सर भेसळीचा आरोप करतायत. वरात निघेपर्यंत समजूत काढावी लागली. आणि घरात कुणी चुकूनही 'काम वेठीवारी, कसंतरी उरकलं' असं म्हणालं, तर सर हातातला घास खाली ठेवायचे. म्हणायचे, वेठीवारी खोदलेली ती विहीर अजून ढासळली नाही, आपण मनापासून बांधलेला संडास गेल्या साली खचला.

मग सरांनी ठरवलं, की त्या बारा जणांच्या स्मरणार्थ एक संगीतरचना करायची. पुतळा नको, कारण पुतळ्यावर पुन्हा उद्घाटन करणाऱ्याचं नाव येतं. रचना करायची आणि ती त्या विहिरीवर, त्यांच्या नातवंडा-पतवंडांसमोर म्हणायची. एकच अडचण होती. सरांना त्या बारांपैकी एकाचंही नाव माहीत नव्हतं.

ते अकरा वर्षं शोधत होते. तहसीलमध्ये गेले, जुन्या दप्तरांत बघितलं, तिथं शेतसारा होता, बैल होते, आंब्याची झाडं होती, माणसं नव्हती. वस्तीत विचारलं, तर तिथले म्हातारे केव्हाच गेलेले आणि पोरं पुण्याला कंपनीत. एक तेवढी पंच्याऐंशीच्या घरातली म्हातारी उरली होती. तिला सगळी वस्ती थोरली माय म्हणायची. सर दर महिन्याला एसटीनं तिच्याकडं जायचे, जोत्यावर बसायचे, चहा प्यायचे, कप विसळायचे आणि विचारायचे, "माय, आठवतंय का काही?" ती म्हणायची, "न्हाई वं मास्तर, लई जुनं झालं." सुरुवातीला ती त्यांना मालक म्हणायची. सरांनी तिला शपथ घातली, तेव्हा कुठं मास्तरवर आली.

अगदी पहिल्या खेपेला मात्र तिच्याकडून एक चीज मिळाली होती. सरांनी विचारलं होतं, की काम करताना ती माणसं काय म्हणायची? म्हातारीनं थोडा वेळ त्यांच्याकडं बघितलं आणि तोंड मिटून एक चाल गुणगुणली. शब्द ध्यानात न्हाईत म्हणाली. सरांनी ती चाल मनात धरून ठेवली आणि एसटीत कुणाशी एक शब्दही न बोलता जालन्यापर्यंत आणली. अंबडला कंडक्टरनं तिकीट विचारलं, तरी तोंड उघडलं नाही.

त्या चालीवर सरांनी रचना उभी केली. त्यांचं म्हणणं, या सुरांत पिढ्यांचं दुःख आहे, ते लोकांना दिसायचं तर चाल संथ केली पाहिजे. त्यांनी ती चौपट संथ केली. रचना आलेखाच्या कागदावर लिहिलेली होती, आडवी ओळ वेळेची आणि उभी ओळ विहिरीच्या खोलीची. जसजशी विहीर खोल जाते तसतसे सूर खाली उतरत जायचे. सातव्या पुरुषाला सूर इतके खाली जायचे, की आमच्यातल्या कुणाच्याच घशातून काही निघायचं नाही, नुसती हवा यायची. सर म्हणायचे, बराबर आहे, तळाशी हवाच कमी असते.

आणि त्यात बारा ठिकाणी मौन. प्रत्येक माणसासाठी एक. "परीक्षेत रिकाम्या जागा भरा असतं ना, तसं," सर म्हणायचे. "नाव मिळेल तेव्हा भरू. तोवर जागा तरी धरून ठेवू." नाव साधारण तीन अक्षरी असणार असं गृहीत धरून प्रत्येक मौन तीन मात्रांचं. त्यासाठी त्यांनी शाळेच्या खेळाच्या मास्तरांकडून स्टॉपवॉच आणलं होतं, ते परत दिल्याचं मला आठवत नाही.

गाणारे आम्ही तिघं. एक मी. खोलीचं भाडं दुसरीकडच्यापेक्षा बरंच कमी होतं, त्याचं कारण मला महिन्याभरात कळलं. दुसरे खालच्या दुकानातले लेडीज टेलर, ते तोंडात टाचण्या धरूनच गायचे, त्यामुळं त्यांचा सूर नेहमी नाकातून यायचा. तिसरे समोरचे गिरणीवाले. जन्मभर चालत्या गिरणीत ओरडून बोलल्यानं त्यांना हळू आवाज म्हणजे काय, हे ठाऊकच नव्हतं. ते तळाच्या सुरावर आले, की रस्त्यावरची कुत्री उठून बसायची. ताल धरायला काकू, म्हणजे सरांच्या पत्नी. त्या स्वयंपाकघराच्या दारात बसून खलबत्त्यावर ठेका द्यायच्या. काकूंना खरं तर गाणं आमच्या सगळ्यांपेक्षा कळायचं. पहिल्याच तालमीला त्या म्हणाल्या होत्या, "अहो, हे रडायचं गाणं न्हाई वाटत. माझा पाय हलतोय." सरांनी त्यांना समजावलं, की शोषितांच्या दुःखावर पाय हलवू नये. काकूंनी पाय मांडीखाली घेतला.

दर रविवारी सकाळी तालीम. सूर कसेही लागले तरी सरांची हरकत नसायची, मौनाच्या बाबतीत मात्र ते फार कडक. मौन सुरू झालं, की नेमका कुणाचा तरी कुकर शिट्टी द्यायचा, नाहीतर खालून भंगारवाला आरोळी मारायचा. सर हात वर करायचे आणि ते मौन पुन्हा घ्यायला लावायचे. एकदा टेलरकाकांना म्हणाले, "तुमचं मौन वर चढलंय." टेलरकाकांनी टाचण्या काढून हातात घेतल्या आणि विचारलं, मी तर गप्पच होतो, वर कसं चढेल? सर म्हणाले, "गप्प होता, पण मनात ब्लाउज होता." टेलरकाका खाली बघायला लागले, कारण ते खरं होतं. मला वाटतं, जगात मौनाची तालीम करणारे आम्हीच असू, आणि तीसुद्धा आम्हाला नीट जमत नव्हती.

हसतोय मी आता, पण त्या माणसावर माझा जीव होता. सर जाऊन तीन वर्षं झाली. अजून कुणी माझी पिशवी उचलायला हात पुढं केला, की मी ती घट्ट धरतो, आणि मला स्वतःचाच राग येतो आणि बरंही वाटतं.

शेवटी अकराव्या वर्षी सरांनी कार्यक्रम ठरवला. नावं मिळाली नव्हती. पण थोरली माय थकत चालली होती आणि सरांचा गुडघाही. दिवस ठरला पाडव्याचा, कारण वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालगड्याचं साल पाडव्याला फिरतं. विहीर वाटणीत थोरल्या भावाकडं गेलेली. दादा म्हणजे आजोबांचीच आवृत्ती, तेच पोट, तीच मिशी. सरांनी त्यांना 'पूर्वजांच्या स्मरणार्थ थोडं संगीत आहे' एवढंच सांगितलं. कोणाचे पूर्वज, हे दादांनी विचारलं नाही. त्यांनी खुशीत मंडप घातला, सगळ्यांना जेवण सांगितलं आणि शिळेला हार घातला.

जाताना गाडीत सर आलेखाचे कागद पुन्हा पुन्हा मोजत बसले होते. अंबड मागं पडल्यावर मला हळूच म्हणाले, "लोक आले तर बरं होईल हो. नाहीतर हे आमचं आम्हीच ऐकायचं, म्हणजे पुन्हा तेच." एवढा मोठा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेला बघितला.

लोक आले. वस्तीतून पन्नास-साठ माणसं आली, पण मंडपात शिरेनात. कडेला उन्हात उभी राहिली. सरांनी स्वतः खुर्च्या उचलून त्यांच्यामागं नेऊन ठेवल्या, तरी कुणी बसेना. मग थोरली माय काठी टेकत आली, पहिल्या ओळीतल्या खुर्चीजवळ थांबली, शेजारी बसलेल्या दादांकडं बघितलं, आणि बसली. ती बसल्यावर बाकीचे बसले. सरांनी उभं राहून विहीर खोदणाऱ्या बारा जणांविषयी दोन वाक्यं सांगितली. तेव्हा दादांना पूर्वज कोणाचे ते कळलं. ते खुर्चीत सरळ झाले, पण चारचौघांत उठून जाता येईना.

आम्ही सुरू केलं. पहिला पुरुष, दुसरा पुरुष. ऊन चढत होतं. लोक देवळात बसावं तसे बसले होते, दोन-तीन जण पेंगत होते. पहिलं मौन झालं, लोकांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या मौनाला पुन्हा टाळ्या. तिसऱ्या मौनाला कुणी वाजवल्या नाहीत, तर गिरणीवाल्यांनीच सवयीनं वाजवल्या. सर घामानं भिजले होते. चौथ्या पुरुषाजवळ काकूंनी मांडवामागं बघितलं. तिथं चुलाण्यावर शंभर माणसांचा स्वयंपाक तयार होत आला होता आणि आमचे अजून तीन पुरुष बाकी होते. काकूंनी कुणाला न विचारता खलबत्त्याचा ठेका दुप्पट केला.

आम्हाला त्यांच्यामागं जावंच लागलं. सरांनी डोळे वटारले, पण पेटी सोडून हात उचलता येईना. ठेका आणखी वाढला. आणि पहिल्या ओळीत थोरली माय थरथरायला लागली. तिनं पदर तोंडात कोंबला, मान खाली घातली, खांदे गदगदत होते. सरांनी ते बघितलं आणि त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले. पेटी वाजवता वाजवता ते माझ्याकडं वाकून म्हणाले, "पोचलं."

तेवढ्यात म्हातारीच्या तोंडातून पदर सुटला. ती हसत होती. अशी हसत होती, की काठी हातातून गळून पडली. मागं बसलेले, पाडव्यासाठी पुण्याहून पोरांकडून आलेले दोन म्हातारेही गुडघ्यावर थापा मारत हसायला लागले आणि बाकीचे काय झालं म्हणून त्यांच्याकडं बघायला लागले. सरांचे हात थांबले. पाठोपाठ आम्ही थांबलो. या वेळचं मौन मात्र अगदी बिनचूक लागलं.

सर पेटीवरून उठून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. चेहरा पांढरा पडलेला. विचारलं, माय, काय चुकलं?

म्हातारीनं डोळे पुसले. "मास्तर, तुमी हे अकरा वर्सं आसं रडत म्हनू राह्यला व्हय?" मग तिनं शेजारच्या दादांकडं बघितलं. "ह्ये दुःखाचं न्हाई वं. ह्ये तुमच्या आज्याचं हाये."

ते असं होतं. आजोबा रोज विहिरीवर यायचे, निंबाखाली बाज टाकून बसायचे आणि कामावर लक्ष ठेवायचे. खालची माणसं घण मारता मारता ही चाल म्हणायची, तोंड मिटून. आजोबांनी विचारलं, काय म्हणता रे, तर सांगायची, देवाचं. शब्द मनात म्हणायचे आणि आजोबा घरी गेले, की मोकळ्या गळ्यानं. त्या शब्दांत आजोबांचे सगळे प्रताप होते.

सर तिथंच उभे. अकरा वर्षं, आलेखाचे एवढे कागद, पिढ्यांचं दुःख. मला वाटलं, हा माणूस आता खाली बसणार आणि उठणार नाही. दादा मात्र उठले. म्हणाले, बंद करा हे. आमच्याच विहिरीवर आमच्याच आज्याची अब्रू, तीही आमच्याच मांडवात.

सरांनी भावाकडं बघितलं देखील नाही. ते म्हातारीला म्हणाले, "माय, शब्द सांगा."

"ध्यानात न्हाईत."

"आहेत."

म्हातारी पुन्हा दादांकडं बघायला लागली. ज्याचं तिला भय होतं, तो माणूस जाऊन साठ वर्षं झाली होती, पण त्याची मिशी अजून समोर उभी होती. ती हळूच म्हणाली, "मालकाच्या म्होरं कव्हा म्हनलं न्हाई. भ्या वाटतं, मास्तर. तुमाला बी त्याच्यामुळंच सांगितलं नव्हतं." सर वळले आणि थोरल्या भावाला म्हणाले, दादा, खाली बस. जन्मात पहिल्यांदा धाकट्यानं असं म्हटल्यानं असेल, दादा बसले. मग सर स्वतः म्हातारीच्या पायांशी जमिनीवर बसले, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि आम्ही पेटी त्यांच्यापुढं सरकवली.

म्हातारीनं घसा खाकरला आणि म्हणायला लागली. आवाज चिरका, पण ताल पक्का. काकूंनी आपसूक ठेका धरला, आणि या वेळी पाय मांडीखाली घेतला नाही.

"बाज मोडली गं बाई, बाज मोडली,
मालकाच्या पोटाखाली बाज मोडली.
तूप खातो शेरभर, ढेकर देतो कोसभर,
ढेकराच्या भ्यानं बैल पळं बांधावर."

आधी मागचे हसले, मग कडेचे. दादा लाल झाले होते. वस्तीतली पोरं दादांकडं चोरून बघत होती, कारण दादांचा ढेकर सगळ्या पंचक्रोशीला माहीत होता. म्हातारी आता थांबायला तयार नव्हती.

"पागोटं पडलं हिरीत, मालक रडं काठावर,
बेडूक बसला पागोट्यात, म्हनं मीच जमीनदार."

यावर दादांच्या पोटातून आधी नुसता एक आवाज आला, आणि मग ते हसायला लागले, इतके की खुर्ची कुरकुरायला लागली आणि चार जणांनी मागून धरली. हसता हसता म्हणाले, की पागोट्याचं खरं आहे, आजी सांगायची. सर तर पेटीवर डोकं टेकवून हसत होते, खालून सगळे सूर एकदम वाजत होते. मी आठ वर्षांत त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. म्हातारीनं एक कडवं गाळलं. म्हणाली, ते तुमच्या आजीवर हाये, ती बाई चांगली होती. मग ती शेवटच्या कडव्यावर आली, आणि तिचा आवाज थोडा खाली आला.

"गानं कुनी बांधलं? सटवानं, नामानं,
गेनू, केरबा, तुळशानं, धोंड्या, मारत्या, किसनानं,
राघूनं, लक्ष्यानं, बापूनं,
आन् भुजंगा बहिऱ्यानं."

हसणं एकदम थांबलं. सर ताठ झाले होते. त्यांचे ओठ हलत होते, बोटं एकेका नावाला मुडपत होती.

"बारा," ते म्हणाले. "बराबर बारा."

म्हातारी म्हणाली, देवाच्या गाण्यात नाव घालतात, तसं यांनी शिव्यांच्या गाण्यात घातलं. भुजंगाला तर काही ऐकू यायचं न्हाई, पर माहं नाव घाला म्हनून हटून बसला. मागून एक बाई पुढं आली आणि म्हणाली, धोंड्या आमचा पणजा. आणखी एक जण म्हणाला, केरबा आमचा. सरांनी खिशातून आलेखाचा कागद काढला आणि मांडीवर ठेवून रिकाम्या जागा भरायला लागले. तीन मात्रांत कुठलं नाव बसतं आणि कुठलं नाही, याची आता त्यांना पर्वा नव्हती. अकरा वर्षं जे दप्तरात मिळालं नाही, ते चेष्टेत लपवून ठेवलं होतं. बारावं नाव लिहून त्यांनी कागद कपाळाला लावला.

"झालं माय," सर म्हणाले. "सगळ्या जागा भरल्या."

"काय भरल्या?" म्हातारी म्हणाली. "बारा तर बाप्ये झाले. मंग माती काय पाखरांनी वर काढली?"

सरांनी कपाळाचा कागद खाली घेतला.

"बाया होत्या की. सात. टोपली डोक्यावर, सात पुरुष वर चढायचं, पुन्हा उतरायचं. त्यान्ला गान्यात कुनी घालावं?"

सरांनी कागद उलटा केला. एवढी वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाच्या डोक्यात, खोदलेली माती कुठं गेली, हे कधी आलं नव्हतं. म्हातारी बोटं मोजत सांगू लागली आणि सर लिहू लागले. सोना. गया. पारू, तिच्या पाठीला लेकरू असायचं. ठकू. भागा. चंद्री, ती उतरताना पडली आन् तिथंच गेली. एवढं सांगून ती थांबली.

"सहा झाल्या," सर म्हणाले. "सातवी?"

"सातवी आठ वर्साची होती. टोपली ल्हान दिल्ती तिला," म्हातारी म्हणाली. "तुह्या म्होरं बसलीय."

सरांनी पेन टेकवलं आणि ते तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी मागं वळून वस्तीतल्या लोकांकडं बघितलं, ते एकमेकांकडं बघायला लागले. थोरली माय, थोरली माय, एवढंच सगळ्यांना ठाऊक. सरांनी अकरा वर्षं तिच्या जोत्यावर बसून चहा प्यायला होता, कप विसळले होते आणि बारा नावं विचारली होती.

"माय," सर म्हणाले. "तुमचं नाव काय?"

म्हातारीनं पदर सारखा केला.

"केवळा," ती म्हणाली. "नीट लिव्ह. आन् आता पुन्हा पयल्यापून म्हना, पर जरा जल्दी म्हना. ऊन व्हायलंय."